वीज वर, वास खाली

टेस्ला कॉइल बघायला आलेला प्रत्येक माणूस वर बघतो. वरच्या ॲल्युमिनियमच्या कड्यातून हातभर वीज फुटत असताना तो बिचारा आणखी कुठे बघणार? मीही सहा महिने वरच बघत होतो. तेवढ्या काळात टेबलाखाली कॉइलला वीज पुरवणारा माझा ट्रान्सफॉर्मर मरत होता.

हा निऑनच्या पाट्यांसाठी बनवलेला, १५,००० व्होल्ट, ३० मिलिअँपिअरचा ठोकळा. स्वभावाने कमालीचा सोशिक. आउटपुट शॉर्ट केलं तरी करंट ३० मिलिअँपिअरच्या आसपासच राहतो, कारण गाभ्यातच करंटला लगाम घालणारे लोखंडी तुकडे, म्हणजे शंट, बसवलेले असतात. (तेवढा करंटही माणूस मारायला पुरतो. म्हणून हात घालायचा तो प्लग काढून, कपॅसिटर रिकामे करूनच.) पण ही सगळी सोशिकता ५० हर्ट्झपुरती. माझी कॉइल त्याच्याकडे परत पाठवत होती शेकडो किलोहर्ट्झ, शिवाय स्पार्क गॅपच्या, म्हणजे ठिणगी उडते त्या फटीतल्या, प्रत्येक ठिणगीचा त्याहून वरचा कचरा. असला झटका वेटोळ्यांमध्ये सारखा वाटला जात नाही. टोकाची चार वेटोळीच तो खातात.

हातभर वीज वीतभर झाली. मी ट्यूनिंगला दोष दिला, मग दमट हवेला. एका संध्याकाळी घरभर डांबराचा वास सुटला. बायकोने खिडकीतून वाकून बघितलं. "रस्त्याचं काम तर कुठे दिसत नाही." मी गप्प.

मीटर लावला. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीचा, म्हणजे जास्त व्होल्टेजच्या वेटोळ्यांचा, एक अर्धा भाग ठणठणीत, दुसऱ्याचा रेझिस्टन्स निम्म्यावर. ही वेटोळी डांबरात गाडलेली असतात, म्हणून चार दिवस रॉकेलमध्ये बुडवून स्क्रूड्रायव्हरने उकरत बसलो. शेवटी सापडली: मुंगीच्या पायाएवढी बारीक, काळी, फाटे फुटलेली कोळशाची रेघ. एवढ्याशा रेघेने एवढं धूड आडवं केलं होतं.

दुसरा ट्रान्सफॉर्मर आणल्यावर मी शहाणा झालो, म्हणजे अर्धवट शहाणा. प्लास्टिकच्या पाइपवर दोन सुरेख चोक, म्हणजे वरची फ्रिक्वेन्सी अडवणारी तारेची वेटोळी, गुंडाळले. एका जाणत्या मित्राने बघितले आणि कपाळाला हात लावला. "अरे, चोक आणि आजूबाजूचा कपॅसिटन्स मिळून स्वतःच घुमायला लागतात. राखणदार नेमलास तो चोरासोबत नाचणारा!"

त्याने चोक काढून १ किलोओहमचे जाडजूड वायरवाउंड रेझिस्टर लावायला सांगितले. मला वाटलं, यात सगळं व्होल्टेज जाणार. हिशोब केला: ३० मिलिअँपिअरला एकेकात जेमतेम ३० व्होल्ट. १५,००० मध्ये कोण विचारतो! ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला जमिनीकडे जाणारे छोटे कपॅसिटर, त्यांना समांतर व्हॅरिस्टरच्या, म्हणजे जादा व्होल्टेज गिळणाऱ्या तुकड्यांच्या, माळा. ५० हर्ट्झ आरामात पुढे जातो, वरच्या फ्रिक्वेन्सीची परतीची वाट अडते. जोडणीही बदलली. आधी कॉइलचा मुख्य कपॅसिटर थेट ट्रान्सफॉर्मरवर होता. आता तिथे स्पार्क गॅप आली, कपॅसिटर कॉइलच्या प्रायमरीसोबत, म्हणजे बुडाच्या जाड वेटोळ्यांसोबत, गेला. मेन्सचा फिल्टर उलटा बसवला, कारण तो बाहेरची घाण आत येऊ नये म्हणून बनवलेला, आणि इथे घाण घरचीच. कॉइलच्या सेकंडरीच्या, म्हणजे उंच वेटोळ्याच्या, बुडाला अंगणात वेगळी अर्थिंगची सळई. तोवर कॉइल लावली की दाराची बेल आपोआप वाजायची आणि बायको दार उघडून रिकाम्या जिन्याकडे बघत उभी राहायची.

राहिली सेफ्टी गॅप, व्होल्टेज फार चढलं की ठिणगी टाकून ट्रान्सफॉर्मरला वाचवणारी फट. तीन गोळे: मधला अर्थला, बाजूचे दोन ट्रान्सफॉर्मरच्या दोन टोकांना. बाकी सगळं सोडवून नुसत्या ट्रान्सफॉर्मरवर ती ठिणगी टाकायची जेमतेम थांबेल इतकीच उघडायची. मी पहिल्या वेळी बरीच जास्त उघडली होती, कारण तिच्या फटाक्यांनी मी दचकायचो. म्हणजे पहारेकऱ्याला झोपेची गोळी मीच दिली होती. या वेळी फट मोजायच्या फीलर गेजची पाती सरकवत तासभर बसलो.

परवा सगळं जोडून पहिल्यांदा चालू केलं. वर हातभर वीज. मी टेबलाखाली, टॉर्च घेऊन पालथा, कान लावून. सेफ्टी गॅपमध्ये एकदाच 'टक्' झालं आणि मी आनंदाने ओरडलो.

"काय झालं?" बायको धावत आली.

"काही नाही. टक् झालं."

तिने वरच्या विजेकडे बघितलं, खालच्या पेटाऱ्याकडे बघितलं, आणि खाली वाकून हवा हुंगली.

"वास नाही येत," ती म्हणाली.