कन्व्हर्टर, लांबी आणि जळकं ऑइल: पद्मिनीचा गंज असा जात नाही

जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी घेऊन ती पुन्हा उभी करणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतोय. पत्रा कापायची गरज नाही. गंजावर कन्व्हर्टर (गंजाशी प्रक्रिया करणारं रसायन) मारा, भोकं लांबीने म्हणजे पुट्टीने भरा, वर रेड ऑक्साइड हा तांबडा प्रायमर द्या, तळाला डांबरी कोटिंग करा आणि दर वर्षी मृगाआधी जळकं, म्हणजे इंजिनात वापरून झालेलं ऑइल डिझेलमध्ये मिसळून फवारा. मग वीस वर्षं गंज नाही म्हणे.

यातल्या जवळपास प्रत्येक गोष्टीत थोडं तथ्य आहे, म्हणूनच ती पटते. पण सगळे उपाय बाहेरून लावायचे आहेत, आणि पद्मिनी कुजते ती आतून: सांध्यांत, पोकळ पेट्यांत, मॅटखाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून शेवटच्या गाड्या २००० च्या सुमारास निघाल्या, म्हणजे वयाने सगळ्यात लहान गाडीनेही पंचवीसेक पावसाळे काढलेत. शिवाय या गाडीला वेगळी चॅसी नाही. बॉडीचा पत्राच सगळा भार पेलतो.

‘कन्व्हर्टर मारा, पत्रा कापू नका’

कन्व्हर्टरमधलं टॅनिक किंवा फॉस्फरिक अ‍ॅसिड गंजाचा टिकाऊ काळसर थर बनवतं, हे खरं. पण जिथवर ते पोचतं तिथवरच. पापुद्रे धरलेल्या जाड गंजावर वरचा थर काळा पडतो आणि खालचा तांबडा तसाच राहतो. स्पॉट वेल्डने जोडलेल्या दोन पत्र्यांमध्ये तर ब्रश जातच नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तिथले पत्रे एकमेकांपासून फाकतात. वेल्डच्या दोन टिकल्यांमध्ये पत्रा फुगलेला दिसला, तर आत काय चाललंय ते कळलंच.

दारांखालची सिल, म्हणजे पत्र्याची लांब पोकळ पेटी, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत चला. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. बद्द आवाज आला तिथे टोक दाबा. ते आत घुसलं तर तो भाग कापायचाच, आणि गंजाच्या कडेपासून दोन-तीन सेंटीमीटर पुढे, चकचकीत धातू लागेपर्यंत. त्याआधी दाराच्या चौकटीत आडव्या-तिरप्या नळ्या वेल्ड करून बॉडी बांधून घ्या आणि एका वेळी एकच बाजू उघडा. नाहीतर बॉडी खचते आणि दार पुन्हा कधीच नीट बसत नाही. नवा तुकडा सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्र्याचा असावा. शाबूत कडेची जाडी कॅलिपरने मोजून तेवढ्याच जाडीचा घ्या. फरशीला साधारण १ मिमी. एकमेकांवर चढणाऱ्या दोन्ही बाजूंना झिंकचा वेल्ड-थ्रू (वरून वेल्ड करता येणारा) प्रायमर लावा. वेल्ड सलग ओढू नका, पत्रा पोळून वाकतो. लांब-लांब टाके घालून मधल्या जागा एकेक करून भरा.

फक्त वरवर तांबूस झालेल्या, न टोचल्या जाणाऱ्या पत्र्यावर कन्व्हर्टर खुशाल वापरा, पण तारेच्या ब्रशने सुटा गंज काढल्यावरच.

‘भोकं लांबीने भरा’

पॉलिस्टर लांबीत शंखजिऱ्याची भुकटी असते आणि ती ओल शोषते. भोकाला जाळी लावून भरलेल्या लांबीला मागून पाणी लागतं, आणि नव्या रंगावर लवकरच फोड येतात. लांबी फक्त शाबूत, एपॉक्सी प्रायमर दिलेल्या पत्र्यावर, २-३ मिमीपर्यंत. ती कोरडीच घासायची, पाणी लावून नाही.

‘वरून रेड ऑक्साइड पुरे’

डब्यातून थेट मारायचा साधा रेड ऑक्साइड सच्छिद्र असतो. त्यातून दमटपणा आत शिरतो. उघड्या पत्र्याला हार्डनरवाला एपॉक्सी प्रायमर हवा. ८० नंबरचा पेपर मारा, सॉल्व्हंटने दोनदा पुसा (दुसऱ्यांदा कोऱ्या फडक्याने) आणि त्याच दिवशी दोन हात द्या. दोन हातांमधलं अंतर डब्यावर लिहिलेलं असतं, ते पाळा. हवेत ८५ टक्क्यांवर आर्द्रता असेल तर काम थांबवा. पत्रा दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी गरम हवा, नाहीतर प्रायमरखाली डोळ्यांना न दिसणारं दव अडकतं. मुंबई-कोकणात उघड्या पत्र्याचं काम दिवाळी ते मे एवढ्यातच धरावं.

‘तळाला डांबरी कोटिंग’

पद्मिनीची फरशी बहुधा वरून कुजते. काचेचं रबर कडक झालं की पाणी डॅशबोर्डमागून उतरतं आणि रबरी मॅटखालच्या नमद्यात (जाड फेल्टमध्ये) महिनोन्‌महिने मुरतं. खालून डांबर फासल्याने ते थांबत नाही, फक्त दिसायचं बंद होतं. डांबराला तडा गेला की त्यामागेही पाणी साचतं. आधी रबर बदला, नमदा फेकून द्या. मग एपॉक्सी, सगळ्या सांध्यांवर पॉलियुरेथेन सीलर, आणि चाकांच्या कमानींत दगड उडतात म्हणून तिथे स्टोनचिप कोटिंग.

कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळ पेट्यांत फवारायचं मेण, मात्र सगळ्यात शेवटी, रंग झाल्यावर. वॅक्स लागलेल्या जागी रंग धरत नाही. चोहोबाजूंनी फवारणाऱ्या नॉझलची लांब नळी सिलमध्ये पार टोकापर्यंत घाला आणि फवारत सावकाश मागे ओढा. खालच्या निचऱ्याच्या भोकांतून थेंब पडायला लागले की पुरे. दुसऱ्या दिवशी ती भोकं तारेने मोकळी करा. हे विसरलं तर सिलची टाकी होते. दोन-तीन वर्षांनी पुन्हा एक फवारा द्या.

‘जळकं ऑइल फवारा’

तेलाचा थर काही आठवडे पाणी अडवतो, एवढंच खरं. वापरलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली आम्लं आणि पाणी असतं. सस्पेन्शनचे रबरी बुश त्याने फुगून मऊ पडतात, ब्रेकच्या ड्रममध्ये उडालं तर ब्रेक लागत नाहीत आणि धुऊन निघालेलं ऑइल थेट नाल्यात जातं. आधीच्या मालकाने ते फवारलं असेल तर वेल्डिंगपूर्वी सांधे डिग्रीझरने दोन-तीनदा धुवा, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा. सांध्यात मुरलेलं ऑइल वेल्डिंगच्या ठिणगीने पेटतं, तेही सिलच्या आत, जिथे ते लगेच दिसत नाही.