रॅम्पवरची उडी आणि भुसावळच्या सरांचे आक्षेप

नमस्कार सर,

ॲग्रेसिव्ह इनलाइन स्केट्स, म्हणजे एका रेषेत चाकं असलेले आणि उड्या मारण्यासाठी बनवलेले मजबूत स्केट्स, घालून रॅम्पवरून हवेत उडी मारायला कसं शिकायचं, या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी नीट वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सर भुसावळला क्रीडाशिक्षक होते, मल्लखांब आणि खो-खो शिकवायचे. त्यांच्या मते हा खेळ नाही, स्टंट आहे. आपल्याकडे ना स्केटपार्क, ना प्रशिक्षक. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसवर, स्केट्स महाग, आणि पडलं की हाड मोडणार. "पोरांना हवेत उडवण्यापेक्षा स्पीड स्केटिंगला घाला, निदान दहावीला क्रीडागुण मिळतील," असं त्यांनी लिहिलंय, आणि शेवटी, "मुलींना तर या फंदात पाडूच नका."

सर, तुमची काळजी खरी आहे, म्हणून उत्तरही सविस्तर लिहिते.

तुम्ही मल्लखांब शिकवलात, त्यामुळे मुद्दा तुम्हाला लगेच कळेल. मल्लखांबावरून शेवटी उडी मारून उतरायचं असतं आणि बघणाऱ्यांच्या टाळ्या त्या उडीलाच पडतात. पण नव्या पोराला तुम्ही पहिल्याच दिवशी खांबाच्या बोंडावर चढवून "मार उडी" म्हणाला नसाल. आधी पकड, मग अढी, मग साधं उतरणं, आणि खाली माती किंवा गादी. रॅम्पचंही अगदी तसंच आहे. हवेत जाणं हा या शिक्षणाचा सगळ्यात लहान भाग. खरी मेहनत जमिनीवर येण्याची असते, आणि त्याच्याही आधी पडण्याची.

माझ्याकडे येणारं मूल पहिल्यांदा गुडघ्यांवर पडायला शिकतं. टणक प्लास्टिकची वाटी असलेले पॅड घालायचे, सपाट काँक्रीटवर हळू यायचं, दोन्ही गुडघे एकदम टेकायचे आणि घसरत जायचं. हात पुढे टेकायचे नाहीत, छातीशी घ्यायचे. व्हॉलीबॉलचे कापडी पॅड इथे चालत नाहीत, कारण कापड जमिनीला धरतं, घसरणं थांबतं आणि झटका वर मांडीपर्यंत येतो. सुरुवातीला आया ओट्यावर बसून बघतात. एक आजी तर प्रत्येक वेळी "हळू रे भो, पडशी!" म्हणून ओरडायच्या. नातू पडायलाच शिकतोय हे त्यांना समजायला वेळ लागला. पुढे मात्र पॅडचे पट्टे त्याच घट्ट करून द्यायला लागल्या. क्वार्टर पाईपवर, म्हणजे वर्तुळाच्या तुकड्यासारख्या वळत वर जाणाऱ्या रॅम्पवर, अंदाज चुकला की हेच घसरणं मुलाला वाचवतं. गुडघ्यांवर यायचं आणि वळणावरून घसरत खाली जायचं.

त्यानंतर उभं राहणं. दोन पायांत खांद्यांएवढं अंतर, पण पाय एका रेषेत नाहीत. एक पाय अर्धं पाऊल पुढे. दोन्ही पाय एका रेषेत ठेवून उतरलं तर वजन जरासं पुढेमागे झालं तरी मूल आडवं होतं. एक पाय पुढे असेल तर सावरायला जागा मिळते. हे आम्ही रॅम्पशिवाय, जमिनीवर खडूची रेघ मारून करतो. रेघेवरून छोटीशी उडी, पुन्हा तीच, पुन्हा तीच. यात मी डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त भरवसा ठेवते. फटाका वाजल्यासारखा आवाज आला तर गुडघे ताठ होते. खट्-खट् असा तुटक आला तर एक पाय आधी टेकला. दोन्ही पाय एकदम टेकून दबका, जाडसर आवाज आला आणि पाठोपाठ चाकांची घरघर न तुटता चालू राहिली, की मूल पुढच्या पायरीला तयार झालं. ही घरघर येईपर्यंत कोणालाही रॅम्पवर सोडत नाही, मग त्याचे वडील कितीही म्हणोत की आमचा गड्या घाबरत नाही.

गुडघ्यांबद्दल जरा हिशेब मांडते, कारण "हाड मोडणार" याचं उत्तर त्यातच आहे. एक मीटर उंचीवरून खाली येणारं शरीर टेकताना ताशी सुमारे १६ किलोमीटर वेगात असतं. तो वेग आपल्या हातात नसतो. हातात असतं ते थांबायला घेतलेलं अंतर. पाय ताठ ठेवून ५ सेंटिमीटरमध्ये थांबलं तर पायांवर येणारा सरासरी भार वजनाच्या २१ पट होतो. तेच खाली बसत बसत ५० सेंटिमीटरमध्ये थांबलं तर तो तिप्पट राहतो. उंची तीच, मूल तेच. त्यातून उतरणं सपाटीवर न होता उतारावर झालं तर शरीर जमिनीला रोखून आदळत नाही, उताराच्या बाजूने निघून जातं. म्हणून उतरायला उतार असेल तिथेच उडी मारायची, हा आमच्याकडचा नियम आहे. पुलावरून नाहीतर जिन्यावरून सपाटीवर उड्या मारण्याचे व्हिडिओ मीही बघते, आणि माझ्या मुलांना त्यातलं काहीही करू देत नाही.

पहिला रॅम्प वीतभरच उंच असतो. त्यावर नव्वद टक्के मुलं एकाच जागी फसतात. रॅम्प चढायला लागला की भीतीने कंबर मागे जाते. रॅम्पची कड सुटते, पाय पुढे निघून जातात आणि मूल माकडहाडावर बसतं. यावर "घाबरू नको" म्हणून काही उपयोग होत नाही. मी तीनच गोष्टी सांगते: नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली हवी, दोन्ही हात समोर दिसले पाहिजेत, आणि नजर कडेवर न ठेवता जिथे उतरायचं तिथे. वळणात शिरल्यावर अंग जड होतं, गुडघे आपोआप मिटायला बघतात. तिथे दाब धरून ठेवायचा आणि चाकं कडेशी आली की उठायचं. लवकर उठलं तर जोर रॅम्पवरच वाया जातो, उशिरा उठलं तर नुसतं घरंगळत खाली येणं होतं. हवेत गेल्यावर गुडघे छातीकडे घ्यायचे आणि टेकण्याआधी पुन्हा थोडे सोडायचे, म्हणजे मिटायला जागा उरते. बूट हाताने पकडणं, अर्धी गिरकी घेणं हे सगळं फार नंतरचं.

आता स्केट्सबद्दल. तुमच्या काळजीत इथे मी माझीही भर घालते. आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबार कुठेही गेलात तरी मुलांच्या पायात स्पीडचे स्केट्स दिसतात. मोठी चाकं, लांब फ्रेम, घोट्याखाली संपणारा बूट. ते घालून उडी मारली तर घोट्याला आधारच राहत नाही. अशा स्केट्सवर आलेल्या मुलाला मी परत पाठवते. ॲग्रेसिव्हचा बूट उंच आणि टणक असतो, टाचेखाली धक्का शोषणारी जाड गादी असते, चाकं साधारण ५५ ते ६० मिलिमीटरची आणि कडक. मधल्या दोन चाकांच्या मध्ये मोकळी जागा असते, ती लोखंडी कडेवर किंवा पाईपवर अडकून घसरायला. हे स्केट्स महाग आहेत, हे तुमचं म्हणणं मान्य. आम्ही जुने जोड घेतो आणि एका मापाच्या मुलांमध्ये आळीपाळीने वापरतो. चाकं आणि बेअरिंग बदलता येतात, त्यामुळे एक बूट बरीच वर्षं जातो.

तसंच रॅम्पचं. आपल्या भागात अपघात होतात ते बहुतेक वेळा विटांवर टेकवलेल्या प्लायच्या फळीवरून. फळी जिथे जमिनीला टेकते तिथे कोन एकदम बदलतो. छोटं कडक चाक त्या फटीत अडतं आणि मूल तोंडावर जातं. आमचा क्वार्टर पाईप एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्या दादांनी आमच्याबरोबर बसून केला. प्लायवर खिळा ठोकला, त्याला २४० सेंटिमीटरची दोरी बांधली, टोकाला पेन्सिल लावून कंस काढला. उंची ९० सेंटिमीटर. या मापात वरच्या कडेचा उतार जेमतेम ५१ अंशांचा येतो. तेवढ्याच उंचीला १८० ची दोरी घेतली असती तर तो ६० अंश झाला असता, आणि नवशिक्याला हा फरक पायाखाली लगेच जाणवतो. दादांना आधी वाटलं होतं की जास्त उभा रॅम्प म्हणजे जास्त चांगलं काम. स्वतः वर उभं राहून खाली बघितल्यावर दोरी लांब करायला त्यांनीच सांगितलं. खालच्या टोकाला पातळ लोखंडी पत्रा लावलाय, चाक अडू नये म्हणून. कडेला लोखंडी पाईप आहे. जळगावात पीव्हीसीचा पाईप मागाल तितका मिळतो, पण मार खाणाऱ्या कडेला लोखंडच बरं.

हाड मोडणारच नाही असं वचन मी कुठल्याच आईला देत नाही. इनलाइन स्केटिंगमध्ये सगळ्यात जास्त मोडतं ते मनगट, कारण पडताना हात आपसूक पुढे जातो. अमेरिकेतला १९९६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला अभ्यास सांगतो की मनगटाचे गार्ड न घालणाऱ्यांना मनगटाची दुखापत होण्याची शक्यता सुमारे दहा पट होती. त्यामुळे हेल्मेट, मनगट, कोपर, गुडघे यातलं एक जरी घरी विसरलं असेल तर त्या दिवशी रॅम्प नाही, बसून बघायचं. आणि सायकलचं थर्माकोलसारख्या आवरणाचं हेल्मेट एकदा जोरात आपटलं की बाहेरून धड दिसलं तरी ते बाद. आतलं आवरण दबलं की पुन्हा फुगत नाही. हे पालकांना पटवणं मला उडी शिकवण्यापेक्षा अवघड जातं.

उन्हाबद्दल वादच नाही. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर लोखंडी कडेला हात लावता येत नाही. त्या दिवसांत आम्ही उजाडायला सुरुवात करतो आणि ऊन चढायच्या आत आवरतो. पावसाळ्यात प्लाय ताडपत्रीखाली. आमचा खरा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत. शेताशेतांत भरीत-पार्ट्या रंगतात, त्या दिवसांत.

स्पीड स्केटिंगशी माझं भांडण नाही. हांगझोऊच्या आशियाई खेळांत २०२३ साली भारताच्या मुलींनी आणि मुलांनी ३००० मीटर रिलेत कांस्यपदकं मिळवली, तेव्हा आमच्याकडची पोरं मोबाईलभोवती गोळा झाली होती. ज्याला वेगाची ओढ आहे त्याने तिकडेच जावं, क्रीडागुण मिळवावेत, पुढे नोकरीतल्या पाच टक्के आरक्षणापर्यंतही पोचावं. पण माझ्याकडे येतात त्यातली बरीच मुलं रिंकवर गोल फिरून कंटाळून स्केट्स माळ्यावर टाकलेली असतात. त्यांना रॅम्प दिसला आणि ती परत आली. त्यांना प्रमाणपत्र मिळणार नाही, हे मी पालकांना पहिल्याच दिवशी सांगते. तरी ती रोज येतात. सर, मैदानावर पोर रोज आपल्या पायांनी येणं याला तुम्ही तुमच्या नोकरीत किती किंमत देत होतात, हे मला नव्याने सांगायला नको.

आता मुली. या मुद्द्यावर मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. ब्राझीलची फाबिओला दा सिल्वा ही याच खेळातली. उंच उभ्या रॅम्पवर ती इतकी पुढे गेली की मुलींना पुरुषांच्या स्पर्धेत उतरू देणारा नियम करावा लागला, आणि तो नियम तिच्याच नावाने ओळखला गेला. आमच्याकडे आज सगळ्यात दबका आवाज काढून उतरते ती एक मुलगीच आहे, सातवीतली, वडील सावद्याला केळीच्या ट्रकवर असतात. गुडघ्यांवर घसरणं शिकायला तिने सगळ्यांपेक्षा जास्त वेळ घेतला. घाई केली नाही, म्हणूनच तिचं उतरणं पक्कं आहे. तिला मी कुठल्या तोंडाने सांगू की हे तुझ्यासाठी नाही?

प्रशिक्षक नाहीत, हे तुमचं म्हणणं राहिलं, आणि ते मला सगळ्यात जास्त लागतं. मी एकटी किती मुलांकडे बघणार? ज्यांच्याजवळ कोणी नाही ती मुलं अर्धवट बांधकामाच्या जिन्यांवरून उड्या मारतातच. मी लिहिणं थांबवलं म्हणून ती थांबणार नाहीत. आपल्याकडे मल्लखांब, जिम्नॅस्टिक्स, कुस्ती शिकवलेली माणसं आहेत. पडायचं कसं, अंग कधी मिटायचं, मुलाला पुढची पायरी कधी द्यायची हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. स्केट्स घालता येणं त्यासाठी गरजेचं नाही.

म्हणून एक विनंती. रविवारी सकाळी लवकर जळगावला या. पत्ता आणि वेळ तुमच्या ईमेलवर पाठवली आहे. तिथे अर्ध्या गिरकीवर आलेली चार-पाच मुलं आहेत. चाकं गादीत रुततात आणि घोटा मुरगळतो, त्यामुळे स्केट्स घालून ती गादीवर उतरू शकत नाहीत. पण अनवाणी, ठोकळ्यावरून गादीवर, खांदे आधी की कंबर आधी हे त्यांना कोणीतरी शिकवायला हवंय. तुमच्या जुन्या शाळेतली मल्लखांबाची जाड गादी वापरात नसेल आणि मुख्याध्यापक देत असतील, तर न्यायला टेम्पो मी पाठवते.