नावाला पत्ता, पत्त्याला घर नाही

नवी मार्कअप भाषा, म्हणजे मजकुराच्या भागांवर नावाच्या खुणा (टॅग) लावण्याची पद्धत, घडवण्याचे आपण मनावर घेतलेच असेल, तर बाकीचा विचार सावकाश करावा. आधी नेमस्पेस, म्हणजे एखादे नाव कोणत्या कुळातले हे सांगणारी व्यवस्था, जाहीर करण्याची अशी रीत ठरवावी की प्रत्येक नवशिक्याची किमान एक दुपार तिच्यात वाया जावी. नेमस्पेस कशाला हवी, हे सोलापुरात समजावणे सोपे आहे. चादरीच्या कारखान्याच्या मालयादीत ‘काठ’ हा टॅग असतो, सिद्धेश्वर तलावाच्या नकाशातही ‘काठ’ असतो, आणि दोन्ही एकाच फाइलीत आले की कोणता काठ विणायचा व कोणत्या काठावर उभे राहायचे, हे यंत्राला कळले पाहिजे. गरज एवढीच आहे, पण एवढ्याशा गरजेत अडचणी किती मावतात हे एक्सएमएल या मार्कअप भाषेने दाखवून दिलेच आहे.

एक्सएमएलची शिफारस, म्हणजे अधिकृत नियमावली, फेब्रुवारी १९९८ची आणि नेमस्पेसची १४ जानेवारी १९९९ची, म्हणजे ऐन सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतली. आधी भाषा आणि मागाहून नावांची व्यवस्था, हा क्रम आपणही सोडू नये. मागाहून आलेल्या पाहुण्याला वेगळी खोली मिळत नाही, म्हणून घोषणा साध्या अ‍ॅट्रिब्यूटच्या (गुणाच्या नोंदीच्या) वेषात टॅगमध्ये शिरते आणि टॅगच्या अगदी शेवटीही बसू शकते. परिणामी, आरंभीचे नाव कोणत्या कुळातले हे टॅग संपेपर्यंत पार्सरला, म्हणजे फाइल वाचणाऱ्या प्रोग्रामला, ठरवता येत नाही. चादर मागावरून उतरल्यावर ताण्याचा रंग विचारावा, तसे हे आहे. १९९८च्या एका मसुद्यात घोषणेसाठी स्वतंत्र सूचना होती; ती टिकली नाही, हे आपल्या पथ्यावरच पडले.

पूर्वपद, म्हणजे नावाआधी लावायची छोटी खूण, न लावताही चालणारी मूळ नेमस्पेस अवश्य द्यावी, मात्र ती एलिमेंटला, म्हणजे टॅगने बांधलेल्या भागाला, लागू करावी आणि अ‍ॅट्रिब्यूटला करू नये. घराला आडनाव मिळाले म्हणून भांड्यांना मिळत नाही, त्यांच्यावर नाव वेगळे घालून घ्यावे लागते, असे कोणी विचारल्यास सांगावे. शोधाच्या भाषेत तर त्याहून पुढे जावे. एक्सएमएल फाइलीत शोध घेणाऱ्या एक्सपाथ १.०मध्ये पूर्वपदाविना लिहिलेले नाव कोणत्याच नेमस्पेसमधले मानले जात नाही, त्यामुळे फाइलीत डोळ्यांसमोर असलेला ‘काठ’ शोधायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत येतो आणि चूक झाल्याचा संदेशही त्याला मिळत नाही. माझ्या मते संपूर्ण रचनेतले हे सर्वांत कसबी काम आहे.

माणसाला जे पूर्वपद दिसते ते यंत्राने मोजू नये. यंत्राने मोजावा तो त्यामागचा लांबलचक वेब-पत्ता. तो पत्त्यासारखा दिसावा, पण तिथे काही असण्याची सक्ती नसावी. तरीही बिचारी सॉफ्टवेअरे तिथे जाऊन दार ठोठावतातच: अशा वर्षानुवर्षे न बदललेल्या फाइलींसाठी दिवसाला १३ कोटींपर्यंत मागण्या येतात, असे ही मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००८मध्ये कळवले होते. दोन पत्ते एकच आहेत का, हे अक्षराला अक्षर लावून पाहावे. ब्राउझरला दोन्ही एकाच पानावर नेत असले तरी नेमस्पेस म्हणून ते परके ठरावेत. आपल्या नियमपुस्तकात पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ पहिल्या प्रकरणात द्यावी आणि चौथ्यात विसरावी.