फॅट ४.८, फेस चार बोटं

चारशे पासष्ट रुपये. आकडा आधीच लिहून ठेवतो. पुढे मी चेष्टा करेन, भरकटेन, पण हा आकडा विसरू नका. मी अजून विसरलेलो नाही.

मंगळवार, संध्याकाळचे पाच, बाणेरकडचा एक बार. कार्डावर पुण्यातल्याच एका ब्रूअरीची गव्हाची बिअर, हेफेवायझन, 'पाइंट' ४६५. हीच बिअर जिथे बनते तिथे अर्धा लिटर ३९५ ला मिळते, हे मला माहीत होतं. पण तिथे जायचं म्हणजे पूर्ण शहर ओलांडायचं. म्हटलं, सत्तर रुपये रिक्षाचे समजू.

ग्लास आला. वर चार बोटं फेस. फ्रीजरमधून काढल्यामुळे काच पांढरी धुकट. आणि जिथे पिकल्या केळ्याचा नि थोडा लवंगेचा वास यायला हवा, तिथे ताज्या लोण्याचा.

"पाइंट म्हणजे किती मिली?" मी विचारलं.

"पाइंट म्हणजे पाइंट, सर."

हे उत्तर ऐकून माणसाने हसावं की रडावं? आपल्याकडे काउंटरवर 'एक पाइंट दे' म्हटलं की ३३० मिलीची बाटली हातात पडते. इंग्रजांचा पाइंट ५६८ चा. अमेरिकेचा ४७३ चा, आणि पुण्यातल्या बारमध्ये जे सरळसोट जाड काचेचे ग्लास असतात ते बहुतेक याच मापाचे, तेही अगदी काठोकाठ भरले तर. म्हणजे फेसाला जागा ठेवली की बिअर कमी, आणि बिअर पुरी घातली की फेसाला जागाच नाही. जर्मनीत बिअरच्या ग्लासावर मापाची रेघ कायद्यानेच लागते. बिअर रेघेपर्यंत, फेस रेघेच्या वर. म्युनिकमध्ये तर बिअर कमी ओतणाऱ्यांविरुद्ध रीतसर नोंदणी केलेली संस्था आहे. अशी संस्था पुण्याच्या आधी म्युनिकमध्ये निघावी, याची मला पुणेकर म्हणून खरंच लाज वाटली.

"साहेब, वास घेऊ का जरा?"

शेजारच्या टेबलावर पांढऱ्या सदऱ्यातले एक काका. समोर स्ट्राँग बिअरची ६५० ची बाटली आणि मसाला शेंगदाणे. आम्ही दोघं सोडून बारमध्ये कोणी नव्हतं. मी ग्लास पुढे केला. काकांनी डोळे मिटले, नाकपुड्या फुगवल्या आणि निकाल दिला:

"लोणी."

मी म्हटलं, "मलाही तेच वाटलं."

"वाटायचं काय त्यात! एकतीस वर्षं दूध संघात काढली. हा वास आला की आमच्याकडं लोणी पास व्हायचं. तुमच्याकडं ह्याचं पैसं घेत्यात?"

काका सांगलीकडचे. निवृत्तीनंतर मुलाकडे राहायला आलेले, आणि घरात चालत नाही म्हणून पाचच्या ठोक्याला इथे येणारे. त्यांनी खुर्ची माझ्या टेबलाला लावली, शेंगदाण्यांची बशीही सरकवली आणि तपासणी सुरू केली.

"फॅट किती?"

"४.८," मी म्हटलं. "म्हणजे अल्कोहोल."

"एसएनएफ?" म्हणजे दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग.

"ते मोजत नाहीत."

"मग दर कशावर लावत्यात?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी थोडी बाजू सावरायचा प्रयत्न केला. म्हटलं, बनवणारे मोजतात. तुमच्या लॅक्टोमीटरचा सख्खा भाऊ असतो, हायड्रोमीटर. माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, गोड रस सुरुवातीला १.०४९ घनता दाखवतो (पाण्याची १), यीस्टने साखर खाल्ली की १.०१२ वर उतरतो, फरकाला १३१ ने गुणलं की आले साधारण ४.८ टक्के. काका खूश झाले. "आमचं सव्वीसच्या खाली आलं की पाणी. ह्याचं उलटं दिसतंय. उतरंल तेवढी किंमत जास्त."

मग त्यांनी वेटरला हाक मारली. "बाळ, साठचं माप आण. आणि एक रिकामा जग."

वेटरने माप आणलं. काकांनी आधी सदऱ्याच्या खिशातलं बॉलपेन काढून ग्लासावर फेस संपतो तिथे रेघ मारायचा प्रयत्न केला. ओल्या काचेवर ती काही उमटेना. "बसू द्या," म्हणाले. बसलो. फेस बसायची वाट बघत दोन प्रौढ माणसं शेंगदाणे खात बसली. (पुण्याची क्राफ्ट बिअर २००९ मध्ये ज्या डूलाली ब्रूअरीपासून सुरू झाली, ते नाव मूळचं नाशिकजवळच्या देवळालीचं. तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघून बघून गोरे सोल्जर भ्रमिष्ट व्हायचे, म्हणून इंग्रजीत डोकं फिरलेल्याला 'डूलाली' म्हणायला लागले. त्या दहा मिनिटांत मला त्या सोल्जरांबद्दल फार आपुलकी वाटली.)

फेस बसला की त्याचा जेमतेम पाव भाग बिअर होते, बाकी हवाच. काकांनी साठचं माप धरलं आणि एकेक भरून जगात ओतायला लागले. मोठ्याने मोजत होते. एक. दोन. तीन. वेटर ट्रे छातीशी धरून उभा. सहावं माप भरलं आणि ग्लासाच्या तळाशी ओल उरली.

"तीनशे साठ," काका म्हणाले. "फेसासकट माप धरलं असतं तर शेतकऱ्यांनी संघाला कुलूप लावलं असतं."

मग पेपर नॅपकिनवर हिशेब. माझी बिअर: ३६० मिली, ४.८ टक्के, म्हणजे सव्वासतरा मिली अल्कोहोल, भाव ४६५, मिलीला सत्तावीस रुपये. त्यांची: ६५० मिली, लेबलवर 'आठ टक्क्यांपर्यंत', म्हणून साडेसात धरले, जवळजवळ एकोणपन्नास मिली, भाव ३४०, मिलीला सात रुपये. नॅपकिनखाली त्यांनी दोन शब्द लिहिले आणि अधोरेखित केले: दर नामंजूर.

हा हिशेब चुकीचा आहे, हे मला तिथेच सांगायचं होतं. फॅटवर बिअर घेणारा माणूस देशी दुकानात जावा. स्वस्त स्ट्राँगमध्ये माल्टच्या जोडीला तांदूळ, मका किंवा साखर घालून अल्कोहोल चढवलेलं असतं, तिला वास बेताचाच. गव्हाच्या बिअरमध्ये निम्मा किंवा जास्त गहू, आणि केळ्या-लवंगेचा वास कुठल्याही इसेन्सचा नसून त्या खास यीस्टचा असतो. पाचशे लिटरच्या एका घाण्याला नव्वद-शंभर किलो माल्ट लागतं. ते पासष्ट-सदुसष्ट अंशांच्या पाण्यात तासभर मुरवायचं, रस गाळून तासभर उकळायचा, मग टाकीत वीस अंशांच्या आसपास आंबवायचा. दोन आठवड्यांत तयार. लागरला हेच थंडीत पाच-सहा आठवडे लागतात, म्हणजे तीच टाकी वर्षाला पंचवीस वेळा भरायची ती नऊ वेळा भरते. हॉप, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं, जवळजवळ सगळा परदेशातून येतो. गव्हाच्या बिअरला त्या पाचशे लिटरमागे अर्धा-पाऊण किलो पुरतो, आयपीए या कडवट, हॉपच्या वासाच्या बिअरला तीन-चार किलो सहज. तरी कार्डावर सगळ्यांचा भाव एकच! म्हणून ब्रूअरीत बसून पैसे वसूल करायचे असतील तर लागर किंवा आयपीए मागवा. हेफेवायझनवर त्यांची सगळ्यात जास्त कमाई आहे. मी तरी तीच मागवतो, कारण ताजी असली तर ती फार छान लागते, आणि माणूस काही हिशेबाने पीत नाही.

ताजी असली तर. सगळा घोळ इथे आहे.

"नळी कधी धुतली?" काकांनी वेटरला विचारलं.

"रोज पुसतो, काका."

"आतनं?"

वेटरने छताकडे पाहिलं.

लोण्याच्या त्या वासाला डायअसिटिल म्हणतात, आणि लोण्यालाही वास त्याचाच असतो. काकांचं नाक शंभर टक्के खरं होतं. तो दोन वाटांनी येतो. यीस्ट आंबवताना ते स्वतःच तयार करतं आणि शेवटी दोन-तीन दिवस मिळाले तर स्वतःच खाऊन टाकतं; घाईने टाकी थंड केली की राहून जातं. दुसरी वाट म्हणजे नळीतले जिवाणू, दह्याच्या विरजणाचे चुलतभाऊ. ओळखायचं कसं? ब्रूअरीत तीच बिअर स्वच्छ लागते आणि बारमध्ये लोण्यासारखी, तर गुन्हेगार नळी. तिच्या आतून कॉस्टिक सोड्याचं दोन टक्क्यांचं पाणी दर चौदा दिवसांनी पंधरा मिनिटं फिरवायचं असतं, आणि दर तीन महिन्यांनी ॲसिड, कारण आत बिअरचा दगड, म्हणजे खनिजांचा कडक थर, साचतो. "आमचा दुधाचा दगड," काका म्हणाले. "कॉस्टिक आणि ॲसिड. आम्ही रोज मारायचो. गरम."

आणि माझ्या नशिबाने मी पाच वाजता गेलो. साधारण तीन अष्टमांश इंची नळीत मीटरला सत्तर मिली बिअर मावते. पिंपापासून तोटीपर्यंत पाच मीटर धरली तर साडेतीनशे. काकांनी मोजून काढलेले तीनशे साठ आठवा. म्हणजे सोमवारी रात्रीपासून नळीत झोपलेली बिअर होती तेवढीच्या तेवढी मला दिली गेली, दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणून! पहिला ग्लास मोरीत ओतायचा असतो. ते नुकसान बारचं. इथे मोरीच्या जागी मी होतो.

फेसाचंही तसंच. पिंप तीन-चार अंशांवर हवं. ते बाहेर एप्रिलच्या उकाड्यात ठेवून वाटेत थंड करायचं म्हटलं की गॅस सुटतो आणि तोटीतून साबणाच्या पाण्यासारखं काहीतरी येतं. त्यात ग्लास फ्रीजरमधला. काचेवरच्या बर्फाच्या कणांवर आणखी फेस धरतो, आणि जीभ बधिर झाली की वासही कळत नाही. कदाचित म्हणूनच फ्रीजरमध्ये ठेवत असतील. ग्लासाच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसलेले दिसले तर तो धुतलेला नाही, हे वेगळंच.

सगळे बार असे नसतात. दर आठवड्याला पिंप संपतं, विचारलं की उघडल्याची तारीख सांगतात, मागितला तर घोटभर चाखायला देतात, अशा ठिकाणी पन्नास रुपये जास्त गेले तरी मला दुःख नाही; वाहतूक आहे, जागेचं भाडं आहे. घोट द्यायला का-कू करणाऱ्या ठिकाणी बाटलीतली घ्यावी. क्राफ्टच हवी असेल तर स्टाउट, म्हणजे काळी बिअर, मागा, भाजलेल्या माल्टच्या वासाखाली बरंच झाकलं जातं. गव्हाची आणि आयपीए मात्र अशा ठिकाणी नको. दोन्ही वासावर जगतात, आणि दोघींना वय सोसत नाही. घरी न्यायला ग्राउलर, म्हणजे ब्रूअरीत भरून मिळणारी मोठी बाटली, घेतलात तर थंड ठेवा आणि उघडल्यावर त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी नुसतं गव्हाचं पाणी उरतं.

माझा राग खरं तर नळीवरही नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार मला प्यायला परवाना लागतो, एका दिवसाचा पाच रुपयांत. पिणाऱ्याची नोंद ठेवायची एवढी हौस असलेल्या राज्यात ग्लासावर एक रेघ मारायला काय जातं? दारू जीएसटीत नाही, म्हणून शेंगदाण्यांना जीएसटी पाच टक्के आणि बिअरला व्हॅट. तो बारमध्ये नोव्हेंबर २०२३ पासून पाचाचा दहा झाला. फेसावरही दहाच. वर सर्व्हिस चार्ज दहा टक्के. तो देणं सक्तीचं नाही, हे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही उचलून धरलं. तरी बिलात तो असतोच, आणि काढा म्हणणाऱ्याकडे सगळं टेबल भिकाऱ्याकडे बघावं तसं बघतं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो, पण साडेसेहेचाळीस रुपयांसाठी फोन करणारा माणूस व्हायची माझी अजून तयारी नाही.

बिल आलं. ४६५, व्हॅट ४६.५०, सर्व्हिस चार्ज ४६.५०, एकूण ५५८. सोबत अभिप्रायाचं कार्ड आणि पेन. मी पाकीट शोधत असताना काकांनी कार्ड ओढून घेतलं आणि चष्मा लावून भरायला बसले. 'सूचना' या रकान्यात लिहिलं: "नळी उघडून कॉस्टिक मारणे. पहिला ग्लास काढून टाकणे. मापात २५ टक्के तूट." मग 'आपण कशासाठी आलात?' याखाली वाढदिवस, ऑफिस पार्टी, मित्रमंडळी या तिन्ही चौकोनांवर काट मारली, 'इतर'पुढे बरोबरची खूण केली आणि स्वच्छ सरकारी अक्षरात लिहिलं: तपासणी.

वेटर कार्ड घेऊन आत गेला. दोन मिनिटांत मॅनेजर बाहेर आला, शर्ट खोचत. काकांना 'सर' म्हणाला, खुर्ची सरळ करू लागला, शेंगदाण्यांचे पैसे राहू द्या म्हणाला. नवं बिल आलं त्यात सर्व्हिस चार्ज नव्हता. ५११.५० मात्र तसेच होते, आणि टेबलावर जगात साठ-साठची सहा मापं.