‘हे तर विकतचं किट’ म्हणणाऱ्या सरांना

सर, नमस्कार.

विद्यापीठातल्या तंत्रज्ञान मेळ्यावर मी लिहिलं, त्याखाली तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून इथे वेगळं लिहितोय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी तिचा मथितार्थ सांगतो. मेळ्यातली बहुतेक यंत्रं ऑनलाइन मागवलेली किट्स होती, यूट्यूब बघून जोडलेली, त्यात संशोधन शून्य. अध्यापनातला नवोपक्रम म्हणून जे दाखवलं तो नुसता मोबाइल. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या मराठवाड्यात विद्यापीठानं मांडवावर पैसे उडवावेत आणि माझ्यासारख्यानं ‘भारावून’ लिहावं, याचा तुम्हाला राग आला. शेवटी तुम्ही सुचवलंत की मेळा बंद करा आणि तो पैसा ग्रंथालयाला, प्रयोगशाळेला द्या.

मांडवाचं आधी उरकतो. पाहुणे उशिरा, मग दीपप्रज्वलन, मग सत्कारावर सत्कार, मग भाषणं, आणि तोवर पोरं स्टॉलपाशी ताटकळत. फ्लेक्सवर पाहुण्यांचे चेहरे हे एवढाले आणि प्रकल्पांची नावं मुंगीएवढी. हे मूळ लेखात मीही लिहिलंच होतं. यावर आपलं दुमत नाही.

किटचा मुद्दा मात्र मला मान्य नाही. यंत्रांतला आर्डुइनो बोर्ड, म्हणजे सेन्सर, पंप जोडून प्रोग्रॅमनं चालवता येणारं छोटं सर्किट, विकतचा होता, हे खरं. पण आर्डुइनो २००५ च्या सुमारास इटलीतल्या इव्रिया गावच्या शिक्षकांनी केला तोच मुळी इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या विद्यार्थ्यांना स्वस्तात काहीतरी करून बघता यावं म्हणून. त्याचा आराखडा सगळ्यांना खुला आहे. तो विकत आणून जोडला तर पोरांनी कुणाची चोरी केली असं होत नाही. खोट आहे ती पोस्टरवर ‘प्रथमच’ आणि ‘नाविन्यपूर्ण’ लिहिण्यात, आणि ते लिहायला आपणच त्यांना शिकवलंय. २००६ पासून राज्यात ‘आविष्कार’ ही विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांची संशोधन स्पर्धा भरते. तिथे पोस्टरपाशी उभ्या असलेल्या पोराला परीक्षकाचा प्रश्न ठरलेला असतो, ‘यात नवं काय?’ मग पोरगंही उत्तर ठरवून येतं. हे चालतं का, कुठे चालतं, कुठे फसतं, हे विचारायला वेळच उरत नाही.

मी सर्वात जास्त वेळ रेंगाळलो तो स्टॉल तुम्हीही पाहिला असणार, कारण तुमच्या प्रतिक्रियेत ‘कुंडीतली शेती’ असा टोमणा आहे. कुंडीत काळी माती, मातीत खोचलेली चपटी सेन्सरची पट्टी, बाजूला बोर्ड, बाटलीत बुडवलेला इवलासा पंप. माती वाळली की आकडा चढतो, ठरलेल्या आकड्यावर गेला की पंप सुरू होतो, ओल झाली की आकडा उतरतो आणि पंप बंद. बीएस्सीच्या दोन मुली घडाघडा सांगत होत्या. तुमच्या हिशेबानं विकतचं किट, अगदी कबूल.

तेवढ्यात एक शेतकरी आले. बहुधा पुतण्याचा प्रकल्प बघायला आलेले, कारण गळ्यात पाहुण्यांचा बिल्ला नव्हता. त्यांनी कुंडीकडे बघितलं, पट्टीला बोट लावलं आणि विचारलं, ‘हे आत्ता सांगायलंय ते ठीकंय. भेगा पडल्यावर बी खरं सांगतंय का?’

दोघी गप्प. एकीनं मग प्रामाणिकपणे सांगितलं, ‘काका, आम्ही शेतात लावून नाही बघितलं.’

सर, त्या एका प्रश्नात अख्खा प्रबंध आहे. आपली काळी भारी जमीन पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आक्रसते. पट्टीला माती घट्ट चिकटलेली असेल तोवरच तो सेन्सर खरं बोलतो, कारण त्याला कळते ती फक्त अंगाला लागलेली माती. ऊन लागून माती पट्टीपासून सुटली की मधे हवा शिरते, आणि हवेला तो कोरडी माती समजतो. ढेकळाच्या पोटात ओल शिल्लक असताना यंत्र म्हणणार, रान वाळलं, सोडा पाणी. आणि सोडलेलं पाणी भेगेतून सरळ खाली, मुळाला बायपास करून. पाणी वाचवायला बसवलेलं यंत्रच पाणी घालवणार. वाळूमिश्रित जमिनीत हा घोळ सहसा होत नाही, त्यामुळे व्हिडिओ करणाऱ्याला तो दिसलाही नसेल.

दुसरी गोष्ट त्या आकड्याची. पडद्यावर ० ते १०२३ मधला एक आकडा येतो. तो ओलाव्याचा टक्का नाही, बोर्ड व्होल्टेजला देतो तो नुसता क्रमांक आहे. त्याचा टक्का करायचा तर त्याच शेतातली माती डब्यात भरून तोलायची, १०५ अंशांवर ओव्हनमध्ये २४ तास ठेवायची, परत तोलायची, वजन किती घटलं ते बघायचं. माती चिंब असताना, मध्यम असताना, वाळत आल्यावर असं पुन्हा पुन्हा करायचं, आणि प्रत्येक वेळी सेन्सरचा आकडा शेजारी लिहून ठेवायचा. भारी जमिनीचा तक्ता मुरमाड रानाला चालत नाही, तो वेगळा करावा लागतो. यासाठी लागतो एक चांगला काटा आणि एक ओव्हन. दोन्ही गोष्टी वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत धूळ खात पडलेल्या असतात. या मुलींनी पंप कधी सुरू करायचा तो आकडा व्हिडिओतून जसाच्या तसा उचलला होता. म्हणजे कुंडीत माती परभणीची आणि हिशेब कुठल्यातरी परक्या मातीचा.

आता तुम्ही म्हणाल, मग मी वेगळं काय म्हणत होतो, संशोधन शून्यच! त्या क्षणापर्यंत होय, शून्य. पण शून्यावरून पुढे सरकायला जो प्रश्न लागतो तो विभागात कुणी विचारला नव्हता. तो विचारला भेगा बघत आयुष्य काढलेल्या माणसानं, आणि तो माणूस त्या पट्टीसमोर आला केवळ मेळ्यामुळे. ग्रंथालयात कितीही पुस्तकं घेतली तरी हे काका तिथे येणार नव्हते.

परभणीच्या कृषी विद्यापीठाचा खरीप मेळावा १८ मे रोजी, विद्यापीठाच्या वर्धापनदिनी असतो. रब्बीचा १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी. तुम्ही कधी गेलात का? बियाण्याच्या रांगेत उभं राहून बघा. तिथे लोक प्रदर्शन बघायला कमी, पिशवी घ्यायला जास्त येतात, आणि रांगेतच शास्त्रज्ञांना धारेवर धरतात. बदनापूरच्या संशोधन केंद्राची तूर, बीडीएन ७११, लवकर येते, म्हणून जमिनीतली ओल संपायच्या आत शेंगा भरून घेते. मर रोगाला बऱ्यापैकी टिकते. ही कोरडवाहू मराठवाड्यासाठी केवढी मोठी गोष्ट! पण ती स्टॉलवर ठेवली तर दिसणार काय? पांढऱ्या तुरीचे दाणे. ना दिवा लागत, ना आवाज येत. वाण बाहेर पडायच्या आधी ठिकठिकाणच्या रानांत हंगामामागून हंगाम घातलेल्या चाचण्या त्या दाण्यांवर दिसत नाहीत. आपल्या मेळ्यात हिला उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नसतं. पहिला नंबर बोलणाऱ्या रोबोटला मिळाला, तो कशासाठी होता हे मला अजून नीट कळलेलं नाही.

आता मोबाइलचं. तुम्ही दोन स्टॉलची मोट बांधलीत, मी ती सोडतो. एक होता आभासी प्रयोगशाळेचा. संगणकावर लंबक हलतो, कळ दाबली की आलेख तयार. त्यावर तुमची टीका शंभर टक्के रास्त आहे. पडद्यावरच्या लंबकाचा दोरा कधी ताणला जात नाही, पंख्याचा वारा लागत नाही, घड्याळ दाबायला उशीर होत नाही. प्रयोगशाळा परिचराची जागा भरायची नसली की असलं सॉफ्टवेअर फार सोयीचं पडतं, हेही तुम्ही बरोबर ओळखलंत.

दुसरा स्टॉल एका तालुक्याच्या गावच्या मॅडमचा, तिथेही लंबकच. पण तिथे लंबक म्हणजे मोबाइलच होता, पाऊचमध्ये घालून दोऱ्याला टांगलेला. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे. मोबाइलमधल्या जायरोस्कोपवरून, म्हणजे फिरणं ओळखणाऱ्या सेन्सरवरून, ते झोक्याचा आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ काढतं, लांबी भरली की गुरुत्वत्वरणही देतं. स्वस्त मोबाइलांत जायरोस्कोप नसतो, म्हणून मॅडमनी वर्गाचे गट पाडले, ज्याच्या मोबाइलमध्ये आहे तो गटाचा लंबक. तर पोरांचं गुरुत्वत्वरणाचं उत्तर आलं ९.१. ९.८ यायला हवं. का आलं नाही म्हणून शोधाशोध झाली, तेव्हा कळलं की त्यांनी लांबी मोजली दोऱ्याच्या गाठीपासून मोबाइलच्या वरच्या कडेपर्यंत. मोजायला हवी होती मोबाइलच्या गुरुत्वमध्यापर्यंत. मीटरभर लांबीत सातेक सेंटीमीटर कमी धरले, उत्तर तेवढ्याच प्रमाणात घटलं. मॅडमनी ते ९.१ पोस्टरवर तसंच ठेवलं होतं, खाली कारण लिहून.

तुम्ही आयुष्यभर प्रॅक्टिकलं घेतलीत. पोरांच्या जर्नलमध्ये काय असतं हे मी तुम्हाला काय सांगू! मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवलेलं ९.८, पानोपानी, वर्गभर, कुणाचंच चुकलेलं नाही. त्या पार्श्वभूमीवर तो ९.१ बघून मी भारावलो असेन तर असेन.

पैशाच्या सूचनेवर मात्र थोडं भांडतो. मेळा बंद केला म्हणून तो पैसा प्रयोगशाळेत जाईल, हा तुमचा भाबडेपणा म्हणू का? तो पुढच्या दीक्षान्ताच्या मांडवात जाईल. त्यापेक्षा मेळा ठेवा, उद्घाटन काढा. तो मे महिन्यात घ्या, भेगा पडलेल्या असताना, आणि बाजार समितीच्या आवारात, म्हणजे काकांना पुतण्याचं निमित्त लागणार नाही. बक्षिसाची निम्मी रक्कम हातात न देता यंत्र खरिपात शेतात लावण्यासाठी राखून ठेवा, आणि दिवाळीनंतर त्याच पोरांना परत बोलवा, काय फसलं ते सांगायला. परीक्षकांत एक शेतकरी आणि एक प्लंबर असलाच पाहिजे, यावर मी अडून बसणार आहे.

त्या दोन मुलींना मी ओव्हनची पद्धत सांगितली आहे. विभागाकडून ओव्हन वापरायची परवानगी अडकलीय, तीही निघेल. त्यांना अडचण आहे ती काकांच्या प्रश्नाची. भेग पडली की पट्टी मातीला धरून राहावी यासाठी ती उभी खोचायची की आडवी पुरायची, किती खोल, आणि एकाच ठिकाणी दोन-तीन पट्ट्या लावून ताडून बघायचं का, हे त्यांना ठरवता येईना. तुमचं सगळं आयुष्य मोजमापात गेलंय. रविवारी सकाळी त्या माझ्याकडे येणार आहेत. यूट्यूबवरचं किट घेऊनच येतील, पण तुम्ही या. मानधन नाही, भाकरी-पिठलं आहे.