टॉवेलाचा सातबारा

मुंबई-गोवा क्रूझवर, स्विमिंग पूलच्या काठावरच्या एका खुर्चीवरून मला उठवण्यात आलं. खुर्ची रिकामी होती. म्हणजे माणूस नव्हता. जहाजाचाच टॉवेल होता, त्यावर डाव्या पायाची एक स्लिपर आणि स्लिपरमध्ये सनस्क्रीनची पिचकलेली ट्यूब. ओळीनं अशा सहा खुर्च्या. सातवीवर बर्म्युडा आणि बनियनमधले एक काका, मांडीवर पोह्यांची बशी घेऊन पहाऱ्याला बसलेले.

"भरलीय," काका म्हणाले.

"कोण बसलंय?"

"मेहुणे. झोपलेत."

"येतील कधी?"

"रात्री दोनला आडवे झालेत हो. अकराच्या आत कुठले उठतायत!"

तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. मी खांबावरची पाटी दाखवली : अर्ध्या तासाहून जास्त वेळ रिकाम्या खुर्चीवरचं सामान उचललं जाईल. काकांनी आधी पाटीकडे आणि मग माझ्याकडे, माझीच कीव आल्यासारखं पाहिलं.

"एसटीत खिडकीतून रुमाल टाकला की सीट कोणाची? आपली. कंडक्टरसुद्धा मानतो. हा तर अख्खा टॉवेल आहे."

मग पोहे संपेपर्यंत त्यांनी मला शास्त्र शिकवलं. नुसता टॉवेल ठेवला तर डेकवरचा पोरगा घडी घालून घेऊन जातो. स्लिपर ठेवायची, पण एकच. जोडी ठेवली तर जोडीच जाते. पुस्तक सगळ्यांत उत्तम, जाड आणि इंग्रजी असेल तर हात लावायची कोणाची छाती होत नाही. दर वीस मिनिटांनी टॉवेल थोडा सरकवायचा, की पाटीवरचा अर्धा तास पुन्हा शून्यापासून सुरू. टॉवेल मात्र मोजून परत करायचे, ते केबिनच्या कार्डावर दिलेले असतात. एक जरी हरवला तरी बिलात चढतो.

"जरा बघता का?" बशी ठेवत काका उठले. "डोसा संपायच्या आत घेऊन येतो. बसू नका मात्र."

आणि मी सात खुर्च्या राखत उभा राहिलो! याचा राग अजून गेलेला नाही.

खरं म्हणजे दोष काकांचा निम्माच. सगळे प्रवासी एका वेळी वर येणारच नाहीत, कोणी कॅसिनोत असेल, कोणी बुफेत, असं गृहीत धरून खुर्च्या मांडलेल्या असतात. पण जहाज दिवसभर समुद्रातच असलं की सगळे वरच येतात. पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून सुटून रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला करत पणजीला जाणाऱ्या बोटींवरही डेकवर वळकटी पसरून जागा धरत. तेव्हा कोणी रील काढत नव्हतं, ओकाऱ्या तेवढ्या काढत.

त्या आजही निघतात, रीलमध्ये दिसत नाहीत इतकंच. जहाज डोलतं ते सगळ्यांत कमी मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर. वरच्या मजल्यावर, नाकाडाकडे केबिन घेतली तर पैसे जास्त आणि हेलकावेही जास्त. बाजूचे स्टॅबिलायझर, म्हणजे पाण्याखालचे पंख, आडवं डोलणं कमी करतात, पुढे-मागे आपटणं नाही. गोळी घ्यायची ती मळमळायच्या आधी. नंतर ती पोटात राहत नाही. रीलमध्ये बाल्कनी आणि पडद्यामागचा सूर्योदय. स्वस्त तिकिटात मिळते ती आतली केबिन, बिनखिडकीची, दीडशे चौरस फुटांच्या आसपास. सकाळ झाली का, हे घड्याळाला विचारायचं. संडास व्हॅक्यूमचा : झाकण लावून बटण दाबावं, नाहीतर त्या आवाजानं माणूस दचकून उठतो. त्यात कोणी ओला वाइप टाकला तर शेजारच्या केबिनींचेही फ्लश बंद पडतात, आणि टाकणारा कधीच सापडत नाही.

सगळ्यांत डोकं फिरतं ते सुरक्षेच्या कवायतीला. सात छोटे भोंगे आणि एक लांब, म्हणजे आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं. 13 जानेवारी 2012 ला इटलीच्या जील्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ खडकावर आदळली, 32 माणसं गेली. त्या संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती, कारण प्रवासी चढल्यापासून चोवीस तासांत कधीही ती घ्यायची सवलत तेव्हाच्या नियमात होती. म्हणून आता जहाज सुटायच्या आधीच ती घेतात. आणि आमच्याकडे ती चालू असताना एक ताई लाइफ जॅकेट घालून गाण्यावर गिरकी घेत होत्या, शॉट नीट आला नाही म्हणून जॅकेट कसं बांधायचं ते दाखवणाऱ्या मुलीला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाजूला होता का?" यावर मला विनोद सुचत नाही.

बिल शेवटच्या रात्रीच बघून घ्यावं. सकाळी काउंटरवर बुफेपेक्षा लांब रांग असते. तिकिटावर बंदर शुल्क आणि जीएसटी आधीच गेलेले, वर सर्व्हिस चार्ज माणशी, दिवसागणिक. वायफाय वेगळं, तेही एका फोनपुरतं. म्हणून बहुतेकांची रील अडकून पडतात आणि मुंबईचं नेटवर्क पकडलं की एकदम सुटतात. बॅलार्ड पियरला उतरायची रांग जागच्या जागी थबकलेली. पुढचे तिघं मान खाली घालून कॅप्शन लिहितायत, आणि मागून कोणी "अहो, चला की" म्हणालं तर वर न बघताच उत्तर येतं, "एक मिनिट, अपलोड होतंय."