पंधरा हजार डॉलरचा तो मेसेज आणि फ्लोरिडा स्टेटचं खरं प्रकरण

आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. ताईनं तो पुढे पाठवला आणि खाली लिहिलं, ‘आपल्या मनूचं बघायला हवं.’ मनू म्हणजे माझी भाची. टेनिस खेळते, चांगलं खेळते, बारावीनंतर स्कॉलरशिपवर अमेरिकेला जायचा विचार आहे. इथपर्यंत ठीक. पण ज्या मेसेजवर ताई हिशेब मांडायला बसली आहे, तो मुळात फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीच्या कुणा चिडलेल्या चाहत्याची तणतण आहे. कुणीतरी ती मराठीत आणली आणि तळाशी स्वतःच्या धंद्याची शेपटी जोडली. ताईला फोनवर समजावून झालं, पटलं नाही. म्हणून लेखी.

मेसेज थोडक्यात असा: अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूला जाहिरातीचे महिन्याला १५,००० डॉलर, म्हणजे साडेबारा लाख रुपये मिळत होते, ते कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएए या संघटनेला बघवलं नाही, म्हणून तिने फ्लोरिडा स्टेटला शिक्षा केली. त्याआधी याच संघटनेनं विद्यापीठाच्या अपराजित अमेरिकन फुटबॉल संघाला प्लेऑफमधून, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या शेवटच्या सामन्यांतून, डावललं होतं. विद्यापीठ कोर्टात गेलं म्हणून सूड उगवला. शिक्षेमुळे संघ बुडाला. मग कोर्टानं सगळे नियमच रद्द केले, आता कुणालाही कितीही पैसे घेता येतात, आणि ‘आपल्या भारतीय मुलांनाही ही सुवर्णसंधी आहे, मार्गदर्शनासाठी संपर्क करा’.

आधी त्या साडेबारा लाखांचं बघू, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. हे पैसे कुणालाही मिळालेले नाहीत. एनसीएएनं ११ जानेवारी २०२४ला या प्रकरणाचा निवाडा जाहीर केला, तो उघड आहे, कुणीही वाचू शकतं. त्यात घडलेलं असं आहे. एप्रिल २०२२मध्ये दुसऱ्या विद्यापीठातला एक फुटबॉलपटू आईवडिलांबरोबर टॅलाहासीला फ्लोरिडा स्टेट बघायला आला. बदली घ्यावी का, हे त्याला ठरवायचं होतं. संघाच्या एका सहायक प्रशिक्षकानं तिघांना आपल्या गाडीत घातलं, कॅम्पसबाहेर एका माणसाकडे नेलं, ओळख करून दिली आणि तो तिथून निघून गेला. तो माणूस म्हणजे विद्यापीठाचा बूस्टर, म्हणजे संघासाठी पैसा सोडणारा हितचिंतक, आणि अशाच हितचिंतकांच्या ‘कलेक्टिव्ह’चा, म्हणजे खेळाडूंना जाहिरातीचे करार मिळवून देणाऱ्या मंडळीच्या निधीचा, प्रमुख. त्यानं त्या मुलाला सांगितलं, आमच्याकडे ये, पहिलं वर्षभर महिन्याला साधारण १५,००० डॉलरचा करार देतो.

आणि तो मुलगा गेलाच नाही. आधीच्याच विद्यापीठात राहिला. म्हणजे मेसेजमध्ये जो आकडा ‘कमाई’ म्हणून मिरवतोय, ती एका बंद खोलीतली न स्वीकारलेली ऑफर आहे. ताई, तू मनूचं भविष्य त्या ऑफरच्या पटीत मोजते आहेस.

आता शिक्षा कशाबद्दल? जाहिरातीच्या पैशांबद्दल नाहीच. स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून पैसे मिळवायला कॉलेजच्या खेळाडूंना १ जुलै २०२१पासून परवानगी आहे. बुटांची जाहिरात करा, सह्या विका, कुणी अडवत नाही. नियम एवढाच होता की, या पैशांचं गाजर दाखवून मुलाला आपल्या विद्यापीठात ओढायचं नाही, आणि प्रशिक्षकानं तर अशा भेटीची सोय करायचीच नाही. इथे प्रशिक्षकानं ती केली, आणि चौकशीत विचारलं तेव्हा आपला काही संबंध नाही अशी खोटी माहिती दिली. हे दुसरं कलम चाहत्यांच्या पोस्टमधून इतक्या शिताफीनं गायब असतं की दाद द्यावी. ज्या मुलाला ऑफर दिली, त्या खेळाडूला या निवाड्यात काहीही शिक्षा नाही. ‘खेळाडूच्या पोटावर पाय’ ही ओळ मेसेजमध्ये कुठून आली, ते लिहिणाराच जाणे.

सुडाची कथा तर कमाल आहे. प्लेऑफचं दुःख खरं आहे, ते मी नाकारत नाही. ३ डिसेंबर २०२३ला १३ पैकी १३ सामने जिंकलेल्या फ्लोरिडा स्टेटला प्लेऑफच्या चार संघांत घेतलं नाही. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रं हलवणारा मुख्य खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस जायबंदी होता आणि चौथी जागा अलाबामाला गेली. चाहते पेटले. राज्यपाल रॉन डिसँटिस यांनी तर कोर्टकचेरीसाठी दहा लाख डॉलर बाजूला काढायची घोषणा केली. निवडणूक तोंडावर असली की तिकडेही राज्यपालांना फुटबॉल फार आवडतो. पण हा निर्णय एनसीएएचा नव्हताच. अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च पातळीवरचा प्लेऑफ एनसीएए चालवत नाही, तो वेगळ्या संस्थेचा कारभार आहे आणि निवड तिची स्वतःची समिती करते. दुसरं, २२ डिसेंबरला विद्यापीठ कोर्टात गेलं ते एनसीएएविरुद्ध नाही, एसीसी या आपल्याच कॉन्फरन्सविरुद्ध, म्हणजे ज्या विद्यापीठांच्या गटात त्यांचा संघ खेळतो त्या गटाविरुद्ध. तिथून बाहेर पडायचा खर्च फार आहे, हा त्यांचा वाद होता. म्हणजे डावललं एकानं, खटला दुसऱ्यावर, आणि सूड तिसऱ्यानं उगवला!

शिवाय ज्या भेटीवरून शिक्षा झाली ती एप्रिल २०२२ची, प्लेऑफच्या दीड वर्ष आधीची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो निवाडा लादलेला नाही, सहमतीचा आहे. विद्यापीठ, तो प्रशिक्षक आणि एनसीएएचे तपास अधिकारी यांनी बसून काय घडलं आणि शिक्षा काय, यावर एकमत केलं आणि समितीनं त्याला मान्यता दिली. ज्या शिक्षेच्या कागदावर विद्यापीठाचीच संमती आहे, तिला सूड म्हणायचं तर विद्यापीठानं तो स्वतःवरच उगवला, असं म्हणावं लागेल.

शिक्षेमुळे संघ बुडाला, हा मुद्दा उडवूनच लावतो. दोन वर्षांची देखरेख, दोन वर्षांत मिळून ५ स्कॉलरशिप कमी (तेव्हा फुटबॉलला ८५ असत), प्रशिक्षकाला तीन सामन्यांची बंदी, ५,००० डॉलर आणि वर फुटबॉलच्या बजेटचा १ टक्का दंड, त्या बूस्टरशी तीन वर्षं आणि कलेक्टिव्हशी एक वर्ष संबंध बंद. भरतीवर आणखी थोडी बंधनं. २०२४च्या मोसमात हा संघ १२ पैकी १० सामने हरला. पाच स्कॉलरशिप कमी झाल्या म्हणून १३-० चा संघ २-१० होत नाही. आदल्या वर्षीचे बरेच चांगले खेळाडू निघून गेले होते आणि नवे जमले नाहीत, बस. ज्यांना खरोखर बुडवणारी शिक्षा बघायची आहे त्यांनी १९८७चं सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीचं प्रकरण वाचावं, तिथे फुटबॉलचा अख्खा मोसमच रद्द केला होता.

आता एक गोष्ट नाइलाजानं मान्य करतो. चाहत्यांची ‘आम्हीच का?’ ही तक्रार अगदीच पोकळ नाही. फ्लोरिडा स्टेटनं गुपचूप सही केली. तीन आठवड्यांच्या आत टेनेसी विद्यापीठामागे अशाच प्रकरणी चौकशी लागल्याची बातमी आली, तर तिथलं राज्य थेट भिडलं. ३१ जानेवारीला टेनेसी आणि व्हर्जिनिया या राज्यांच्या ॲटर्नी जनरलनी एनसीएएवर फेडरल कोर्टात दावा ठोकला, आणि २३ फेब्रुवारीला न्यायाधीश क्लिफ्टन कॉर्कर यांनी भरतीच्या वेळी जाहिरात-करारांबद्दल बोलायला बंदी घालणाऱ्या नियमाची अंमलबजावणी थांबवली. कारण सरळ होतं: मुलाला सही करण्याआधी आपली बाजारातली किंमतच कळू दिली नाही, तर तो घासाघीस कशाच्या जोरावर करणार? मार्चच्या सुरुवातीला एनसीएएनं बूस्टर आणि कलेक्टिव्ह गुंतलेल्या अशा चौकशा थांबवल्या. म्हणजे जो कायदेशीर पवित्रा फ्लोरिडा स्टेटनं घेतलाच नाही, तो घेऊन टेनेसीवाले साधारण महिनाभरात सुटले. याचा राग येणं समजू शकतो. पण तो राग स्वतःच्या विद्यापीठाच्या वकिलांवर काढायला हवा. आणि चौकशीत खोटं बोलायची मुभा कॉर्कर यांनीही दिलेली नाही.

‘सगळे नियम रद्द’ हे मात्र धादांत चूक. तो मनाईहुकूम एका विशिष्ट नियमापुरता होता, त्या खटल्यात जानेवारी २०२५मध्ये तडजोड जाहीर झाली. पुढे ६ जून २०२५ला न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी ‘हाउस’ खटल्यातली, म्हणजे खेळाडूंनी पैशांसाठी एनसीएएवर केलेल्या दाव्यातली, तडजोड मंजूर केली आणि नवी चौकट आली. विद्यापीठ आता स्वतः खेळाडूंना पैसे देऊ शकतं, पण पहिल्या वर्षी साधारण २ कोटी ५ लाख डॉलरच्या मर्यादेत, सगळ्या खेळांचे मिळून. बाहेरचा ६०० डॉलर किंवा त्यावरचा प्रत्येक करार नोंदवावा लागतो, आणि तो बूस्टर किंवा कलेक्टिव्हकडून असेल तर खरोखर काही व्यापारी कारण आहे का, रक्कम वाजवी आहे का, हे तपासलं जातं. त्यासाठी कॉलेज स्पोर्ट्स कमिशन नावाची वेगळी संस्थाच उभी केली आहे. रान मोकळं वगैरे काही झालेलं नाही.

आणि आता शेपटी, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप. ‘भारतीय मुलांनाही संधी.’

मनू अमेरिकेत जाईल ती एफ-१ व्हिसावर, विद्यार्थी म्हणून. या व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं. कॅम्पसबाहेरचं काम परवानगीशिवाय नाही, आणि पहिल्या वर्षी तर जवळपास नाहीच. जाहिरातीचा करार म्हणजे नुसता चेहरा नसतो. कंपनी म्हणते, अमुक इतक्या पोस्ट टाक, तमुक दिवशी शूटला ये, दुकानाच्या उद्घाटनाला सह्या द्यायला ये. हे काम आहे, आणि त्याचे पैसे कंपनी देते. हॉस्टेलच्या खोलीत बसून रॅकेटच्या कंपनीसाठी पैसे घेऊन रील टाकली तरी उद्या ‘परवानगीशिवाय नोकरी’ असा अर्थ निघू शकतो. तसं झालं तर दंड भरून सुटका नाही, विद्यार्थ्याचा दर्जाच जातो आणि गाशा गुंडाळावा लागतो. २०२१ची सवलत एनसीएएनं दिली, व्हिसाचे नियम सरकारचे, आणि ते या सवलतीसाठी बदललेले नाहीत.

हे मी भीती घालायला सांगत नाही, मोठमोठ्यांचं हेच झालं आहे. पर्ड्यू विद्यापीठाचा झॅक एडी, सात फूट चार इंचांचा, देशातला सर्वोत्तम कॉलेज बास्केटबॉलपटू ठरलेला, पण कॅनडाचा नागरिक. त्याचे अमेरिकी सहकारी बिनधास्त जाहिराती करत होते आणि त्याला व्हिसानं बांधून ठेवलं होतं. केंटकी विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू ऑस्कर चिबवे काँगोचा. २०२२च्या उन्हाळ्यात त्याचा संघ बहामाजला खेळायला गेला, तेव्हा त्यानं जाहिरातीची कामं तिथे, अमेरिकेच्या हद्दीबाहेर उरकली. त्यासाठी वकील, विद्यापीठ, विमान असा सगळा लवाजमा लागतो. टेनिसच्या नवख्या मुलीसाठी कोण करणार ते? विद्यापीठांच्या वाट्याचा पैसासुद्धा मुख्यतः फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जातो, टेनिसपर्यंत पोचता पोचता शिंतोडे उरतात.

मेसेजच्या तळाशी जो ‘मार्गदर्शक’ आहे, त्याला मी लिहून विचारलं की, करार कोणत्या व्हिसावर करून देता? उत्तर आलं, ‘सर, आधी रजिस्ट्रेशन फी भरा, मग डिटेल्स शेअर करू.’

ताईला वाटतं मी मनूच्या आड येतोय. उलट आहे. खरी संधी आहेच आणि ती या मेसेजच्या आधीपासून आहे: स्कॉलरशिप. ट्यूशन, राहणं, जेवण, प्रशिक्षण, आणि ती एफ-१वर पूर्णपणे चालते. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळला, २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षं एनसीएएचा एकेरीचा विजेता झाला, तेव्हा जाहिरातीचा एक डॉलर घ्यायची सोय नव्हती. आपली ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली, पुढे २०२३च्या हांगझाऊ आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. यांच्या यशात बूस्टर नव्हता, कलेक्टिव्ह नव्हतं.

तेव्हा ताई, फी भरू नकोस. मनूला म्हणावं, प्रशिक्षकांना स्वतः ईमेल कर, सामन्यांचे व्हिडिओ जोड, आणि उत्तर आलं की विचार: स्कॉलरशिप पूर्ण की अर्धी, एका वर्षाची की चारही वर्षांची, दुखापत झाली तर चालू राहते का, उन्हाळ्यातल्या राहण्याचा खर्च कोणाचा. आणि जाहिरातीबद्दल विचारायचंच असेल तर प्रशिक्षकाला नको, विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला विचार, लेखी. मसुदा मी बघून देतो, रविवारी पाठव.